बदाम नव्वी

चिंचोक्यांवर खेळतो आम्ही, दर शनिवारी,
कोपरखैरणे, सेक्टर दोन, तळमजला.
पैसे लावायचे नाहीत हा शकीलाभाभींचा नियम,
चिंचोके घरी न्यायचे नाहीत हा माझा,
कारण हसुराम ते भाजून खातो.

पोकर मीच शिकवलं सगळ्यांना.
शीतगृहाच्या हिशेबखात्यात एकवीस वर्षं काढलेली बाई
दुसरं काय शिकवणार?
न दिसलेली पानं मोजा, म्हणाले.
हातातली दोन, मांडलेली चार,
बावन्नातून सहा गेली, उरली शेहेचाळीस.
त्यातली कोणती कुणाच्या मुठीत,
कोणती थप्पीच्या तळाशी, विचारू नका.
न दिसलेलं सगळं सारखंच न दिसलेलं.

हसुरामला हे पटत नाही.
टक्के म्हटलं की माढव्यांच्या घरात एकच आकडा.
"आमचे बापाला साडेबारा मिलले,
तेवी वीस वर्सांनी.
तुला त एकोनीस हान, टाक!"

कोंडविलकर मात्र शिकले.
तुर्भ्याची केमिकल कंपनी बंद पडेपर्यंत
ते पाळीपाळीने दाबाचे काटे वाचत आले,
आकड्यावर विश्वास टाकायची सवय.
एकाहत्तराव्या वर्षी वहीच्या मागच्या पानावर
पाढे लिहून आणले त्यांनी,
सदतीसाचा, त्रेचाळीसाचा,
आणि पाठ केले.

मंगळवारी खिडकीची काच बदलायला माणूस आला.
चौकटीच्या फटीत काहीतरी खुपसलेलं,
ट्रेलर गेला की काच थरथरायची म्हणून.
पक्कडीनं ओढून त्यानं माझ्या तळहातावर ठेवलं:
चार घड्या, कडेला गंज,
बदाम नव्वी.

सासऱ्यांचं काम. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.
म्हणजे कॅट आमच्या हाती आला तोच एकावन्नांचा.
तीन वर्षं बदामासाठी मी नऊ म्हणत होते
तेव्हा आठच होती.

माणूस गेल्यावर नवी काचही वाजलीच.
मी नव्वी होती तशी दुमडली, होती तिथे ठेवली.
शनिवारी सांगू.

शनिवारी चार पानं मांडून झाली, त्यांत दोन बदाम.
मी दहा सरकवले. माझ्या दहांसकट डावात त्रेचाळीस.
कोंडविलकरांचे ओठ हलू लागले.
"नऊ माझी, सदतीस वैरी.
त्रेचाळीस नवे तीनशे सत्त्याऐंशी,
सदतीस दाहे तीनशे सत्तर.
सतरा वर."
(मोठ्यानं मोजलं की सगळा हात उघडा पडतो,
हे त्यांना अजून शिकवायचं राहिलंय.)
"बाई, बरोबर?"

त्रेचाळीस आठे तीनशे चव्वेचाळीस.
सव्वीस कमी.
जिभेवर होतं.
समोर म्हातारा, चष्मा कपाळावर,
परीक्षेचा पेपर दिल्यासारखा.
"बरोबर," मी म्हणाले.

त्यांनी दहा चिंचोके एकेक करून ठेवले,
काटा वाचायला वाकावं तसे वाकून.
शकीलाभाभींनी शेवटचं पान उलटलं.
बदाम तिर्री.

हसुरामनं मांडीवर थाप मारली.
कोंडविलकर लाजले.
"तुमचं गणित हो, बाई," म्हणत
दोन्ही ओंजळींनी ढीग ओढला,
एक चिंचोका घरंगळत माझ्याकडे आला
तो मी परत दिला.
राण्यांची जोडी पालथी ठेवली.

तेवढ्यात बाहेरून लांबलचक ट्रेलर गेला,
न्हाव्याकडे निघालेला असावा,
मोरीतली भांडी एकमेकींना लागली.
"काच बदललीत वाटतं," शकीलाभाभी म्हणाल्या.
"आवाज नाही आला आज."
"हो," मी म्हणाले,
आणि पत्ते पिसायला घेतले.
एकावन्न.